गोड बोलणारा खलनायक मुलांना ओळखता यावा म्हणून : ॲनिमेशनपट सोबत बसून पाहण्याची एक रीत

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरे आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात आणि बरीचशी आजी-आजोबांच्या आधाराने गावातच थांबतात. गुढीपाडव्याच्या आसपास माणसे परतेपर्यंत या मुलांना जेवण मिळते, शाळा मिळते, आजीची मायाही मिळते, पण "आज काय झालं रे शाळेत?" असे रोज विचारणारे माणूस दूर कुठल्या तरी फडात असते. अशा लेकराशी जो कोणी दोन शब्द गोड बोलेल तो त्याला लगेच आपला वाटतो. शनिवारी मी मुलांना शाळेत ॲनिमेशनपट दाखवू लागले ते निव्वळ करमणूक म्हणून. दोन-तीन चित्रपट झाल्यावर लक्षात आले की त्यांतल्या बालनायकांची अवस्था माझ्या वर्गातल्या मुलांसारखीच आहे. कोणाचे वडील राज्यकारभारात गुंतलेले, कोणाचे आईवडील वारलेले, कोणाचे घरात कोणी ऐकून घेत नाही. आणि खलनायक नेमका त्याच फटीतून आत शिरतो.

शिरताना त्याच्या हातात शस्त्र नसते, तोंडात गोड शब्द असतात. चित्रपट संपल्यावर मुलांना लढाई आठवते, आग आठवते, उंचावरून कोसळलेला खलनायक आठवतो. पहिल्या अर्ध्या तासात तो काय काय बोलला होता हे मात्र विचारले तर वर्ग गप्प होतो. पुढे सांगितलेली सगळी रीत एवढ्यासाठीच आहे: खलनायक बोलत असताना चित्रपट थांबवायचा आणि तो जे करतो आहे त्याला मुलांच्या रोजच्या भाषेतले नाव द्यायचे. चौथी ते आठवीच्या वर्गांत मी ती वापरली आहे, आणि घरात एक-दोन मुलांना जवळ घेऊन बसणाऱ्या आईवडिलांना किंवा आजीलाही ती वापरता येईल.

चित्रपट कोणता निवडावा

सगळेच खलनायक या कामाचे नसतात. जो केवळ राज्य जिंकायला निघाला आहे, नायकावर चालून येतो आणि शेवटी मार खातो, त्याच्याकडून मुलांना शिकण्यासारखे फारसे नाही, कारण असा माणूस त्यांना प्रत्यक्षात क्वचितच भेटतो. आपल्याला हवा तो खलनायक नायकाशी एकांतात बोलतो, त्याची विचारपूस करतो, त्याला काहीतरी देतो. मी एक साधी कसोटी लावते: आवाज बंद करून पाहिले असता तो खलनायक प्रेमळ नातेवाईक वाटला, तर चित्रपट उपयोगाचा आहे.

चौथी-पाचवीसाठी 'द लायन किंग' (1994) सर्वांत सोयीचा, कारण त्यातला खलनायक स्कार हा बालनायक सिंबाचा सख्खा काका आहे आणि त्याचे डाव एकामागून एक स्पष्ट दिसतात. सहावीपासून 'द लिटल मर्मेड' (1989) आणि 'टँगल्ड' (2010) घ्यावेत. 'फ्रोझन' (2013) लहान मुलींना गाण्यांमुळे आवडतोच, पण त्यातल्या राजपुत्राचे कपट समजून घेण्याचे वय सातवी-आठवीचे आहे. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' (2001) दोन तासांहून थोडा मोठा असल्याने तो मी दोन शनिवारांत विभागते. 'कोरलाइन' (2009) हा या विषयावरचा फार ताकदीचा चित्रपट आहे; त्यातली दुसरी आई मुलीला हवे ते जेवण, हवी तशी बाग देते आणि बदल्यात डोळ्यांच्या जागी बटणे शिवून घ्यायला सांगते. परंतु तो खरोखर भीतिदायक आहे, म्हणून सहावीच्या खाली दाखवू नये आणि मोठ्या मुलांनाही रात्री एकट्याने पाहायला देऊ नये.

हे चित्रपट आपल्याला बहुधा हिंदीत मिळतात. भाषेची ही अडचण माझ्या कामाला उलट उपयोगीच पडली. थांबवलेल्या ठिकाणी खलनायकाचे म्हणणे मी गावच्या बोलीत सांगते, आणि परक्या राजवाड्यातले बोलणे गल्लीतल्या ओट्यावरचे झाले की मुलांचे कान टवकारतात.

आधी स्वतः पाहावे

ही पायरी कोणी गाळू नये. मुलांसमोर पहिल्यांदाच चित्रपट पाहणारा शिक्षक त्यांच्याइतकाच गोष्टीत वाहून जातो आणि थांबवायच्या जागा निसटतात. म्हणून आदल्या दिवशी वही घेऊन बसावे आणि खलनायक बालनायकाशी जे जे बोलतो ते वेळेसह टिपावे. घडलेला प्रसंग सविस्तर लिहिण्याची गरज नाही. म्हटलेले वाक्य मात्र लिहावे. त्यापुढे तीन छोटे प्रश्न लिहावेत: या वेळी नायकाला कशाची भूक होती, खलनायकाने काय देऊ केले, आणि बदल्यात काय मागितले.

या टिपणातून एक गोष्ट फार लवकर दिसते. खलनायक कधीही अवेळी येत नाही. 'द लिटल मर्मेड'मध्ये जलपरी एरियलने वर्षानुवर्षे जमवलेल्या वस्तू तिचे वडील रागाच्या भरात फोडून टाकतात, ती रडत एकटी उरते, आणि त्याच क्षणी समुद्रातल्या चेटकिणीचे दोन ईल मासे तिला न्यायला येतात. त्यांनी काही नवीन केलेले नसते. घरातल्या भांडणाची ते फक्त वाट पाहत असतात. पालकांच्या बैठकीत मी हा एकच प्रसंग दाखवते, कारण लेकराला रागावल्यानंतरचा अर्धा तास किती नाजूक असतो हे भाषणाने सांगता येत नाही.

मुलांच्या हाती शब्द द्यावेत

चित्रपट लावण्यापूर्वी वीस मिनिटे शब्दांसाठी ठेवावीत. 'भावनिक शोषण' किंवा 'दिशाभूल' असे जड शब्द फळ्यावर लिहिले तर मुले ते वहीत उतरवतात आणि विसरतात. आपल्या भाषेत यासाठी किती बारकाईने घडवलेले वाक्प्रचार आहेत, हे मला हे काम करताना नव्याने कळले. खोटी स्तुती करून एखाद्याला भलत्या कामाला लावणे म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. जवळच्या माणसाविषयी मनात विष कालवणे म्हणजे कान भरणे. थोडेसे देऊन पुढच्या मोठ्या लाभाची आशा लावणे म्हणजे मधाचे बोट लावणे. घरापासून तोडून आपल्याबरोबर यायला लावणे म्हणजे फूस लावणे. आपण केलेल्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे खापर फोडणे. आणि हे सगळे विश्वासातल्या माणसाने केले तर तो केसाने गळा कापणे.

हरभऱ्याचे झाड मी प्रत्यक्ष आणते. आमच्याकडे रब्बीत हरभरा घरोघर असतो, त्यामुळे घाटे लागलेले एक रोप उपटून टेबलावर ठेवायला काही अवघड जात नाही. पहिल्या वेळी चौथीतल्या एका धिटुकल्या मुलाला पुढे बोलावून मी म्हटले, "चढ बरं यावर." तो रोपाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "बाई, हे तर माझ्या गुडघ्याएवढं बी नाही." मी त्याला विचारले, की मग कोणी 'तू चढलास, किती उंच गेलास!' असे म्हणू लागले तर? सगळा वर्ग हसला. हा वाक्प्रचार त्या मुलांनी शंभरदा ऐकला होता, पण ज्या झाडावर चढताच येत नाही त्यावर चढल्याचा भास करून देणे हा त्यातला डाव त्या दिवशी त्यांना दिसला. रोपाची पाने बोटांना लावून त्यांतला आंबटपणा चाखायला मुले नंतर रांगेत उभी राहिली, तेही मी होऊ दिले.

घरी हे करायचे असेल तर आजीला मंथरेची गोष्ट सांगायला लावावी. वाल्मीकी रामायणात रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयीला आधी आनंदच होतो आणि ती मंथरेला दागिना देते; मन फिरते ते त्यानंतर, बोलण्या-बोलण्यातून. कान भरले जाण्यापूर्वी माणूस कसा होता हे आवर्जून सांगावे. पंचतंत्रातला दमनक कोल्हाही असाच, सिंह आणि बैल यांची मैत्री दोघांकडे वेगवेगळे बोलून तोडणारा.

कुठे थांबवावे आणि काय विचारावे

चित्रपट सतत थांबवला तर मुले कंटाळतात आणि त्यांचा आपल्यावरचा विश्वास उडतो. दीड तासाच्या चित्रपटात चार थांबे पुरेत, तेही तीन-चार मिनिटांहून मोठे नकोत. थांबवण्यापूर्वी खलनायकाचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे आणि त्याचा चेहरा पडद्यावर असतानाच विचारावे, म्हणजे मुले त्याच्याकडे बघत उत्तर देतात.

'द लायन किंग'मधला पहिला थांबा सुरुवातीलाच येतो. स्कार सिंबाला हत्तींच्या दफनभूमीचे नाव चुकून निसटल्यासारखे सांगतो, तिथे फक्त शूर सिंहच जातात असे म्हणतो, तिथे जाणार नाहीस असे वचन घेतो आणि हे आपल्या दोघांतले गुपित असल्याचे बजावतो. येथे मी विचारते, "काकांनी सिंबाला जा म्हटलं का?" मुले एकमुखाने नाही म्हणतात. "मग तो जाणार का?" यावर सगळे हो म्हणतात. हा विरोध मुलांनी स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवला की पुढे फार समजावावे लागत नाही. हरभऱ्याचे झाड कोणी ना कोणी ओरडून सांगतेच. गुपिताचा मुद्दा मात्र आपण काढावा लागतो, कारण मुलांना गुपित म्हणजे मैत्रीची खूण वाटते. वाढदिवसाची भेट लपवून ठेवणे आणि आईला सांगू नको असे मोठ्या माणसाने सांगणे यांतला फरक येथेच सांगावा: पहिले गुपित काही दिवसांनी सगळ्यांसमोर उघडायचे असते, दुसरे कधीच उघडायचे नसते.

दुसरा थांबा दरीचा. वडील तुझ्यासाठी काही आश्चर्य घेऊन येत आहेत असे सांगून स्कार सिंबाला दगडावर बसवतो आणि निघून जातो. येथे प्रश्न एकच: हे खरे आहे की नाही हे सिंबा कोणाला विचारू शकला असता?

तिसरा थांबा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कठीण आहे. सिंबाचे वडील मुफासा मेलेले आहेत, सिंबा रडतो आहे, आणि स्कार त्याला सांगतो की तू नसतास तर ते जिवंत असते, तुझी आई काय म्हणेल, तू पळून जा आणि परत येऊ नकोस. या ठिकाणी लगेच बोलू नये. मुलांना हुंदका आवरू द्यावा. आमच्या वर्गात अशीही मुले असतात ज्यांनी घरातला मृत्यू पाहिला आहे आणि ज्यांना कोणीतरी, रागाने का होईना, 'तुझ्या पायगुणानं झालं' असे म्हटलेले आहे. म्हणून मी येथे खलनायकाविषयी विचारण्याआधी सिंबाविषयी सांगते: जनावरांचा कळप त्याने उधळलेला नव्हता, त्याला तिथे मोठ्या माणसाने बसवले होते, आणि लहान मुलाच्या हातात जे नव्हते त्याचा दोष त्याच्यावर येत नाही. हे स्पष्ट, सावकाश आणि दोनदा सांगावे. खापर फोडणे हा शब्द त्यानंतर.

चौथा थांबा शेवटाकडे आहे. कड्याला लोंबकळणाऱ्या सिंबाच्या कानात स्कार खरे काय ते कुजबुजतो. सिंबा उसळून वर येतो आणि तेच सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायला त्याला भाग पाडतो. मुलांना येथे झटापटीत रस असतो, पण त्यांचे लक्ष आवाजाकडे वळवावे. स्कारचा प्रत्येक डाव कानात किंवा एकांतात सांगितलेला होता आणि तो मोडला तो सगळ्यांना ऐकू येईल असे बोलल्यावर.

'द लिटल मर्मेड'मध्ये मी एकाच ठिकाणी थांबवते आणि तिथेच सगळा वेळ घालवते. समुद्रातली चेटकीण उर्सुला एरियलला पाय देते, मुदत तीन दिवसांची, मोबदला तिचा आवाज, आणि करारावर सही. पडदा थांबवून मी विचारले, की हा सौदा कसा वाटतो. सहावीतली एक मुलगी, जिचे आईवडील त्या वर्षी कर्नाटकात तोडीला गेले होते, बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, ही तर उचल झाली की. आधी हातात घ्यायची, मग पट्टा पडंपर्यंत सुटका नाही." ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: उचल म्हणजे मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, आणि पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपणे. त्या वर्गात उर्सुलाची जादू समजावण्याची गरज उरली नाही. मुलांनी मग स्वतःच हिशोब मांडला: ज्या कामासाठी तिला बोलायला लागणार होते, त्याच कामाआधी तिचा आवाज काढून घेतला, मुदत इतकी थोडी ठेवली की चुकावीच, आणि ती जिंकू लागली तेव्हा उर्सुलाने तिचाच आवाज वापरून राजपुत्राला भुलवले. सौद्यातला समोरचा पक्ष आपण हरण्याची वाट पाहत असेल तर काय ओळखावे, हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आणि आठवडाभर पुसला नाही.

'टँगल्ड' सर्वांत अवघड, कारण गोथेल आईच्या वेशात आहे. ती रॅपन्झेलला बाळपणी पळवून आणते, तिच्या केसांतल्या जादूने स्वतः तरुण राहते, आणि बाहेरचे जग किती क्रूर आहे हे सांगून सांगून तिला अठरा वर्षे मनोऱ्यात ठेवते. मुलांना तिची भीती घालणे लवकर समजते. मुलांना समजायला वेळ लागतो तो तिचा थट्टेचा सूर: टोचून बोलायचे, आणि चेहरा पडला की गंमत केली म्हणायचे. आमच्याकडे ही सवय फार सर्रास आहे. काळी, जाडी, मुकी अशी नावे ठेवून वर 'लाडानं म्हणतो' असे सांगणारी माणसे प्रत्येक घरात सापडतात, म्हणून या थांब्यावर मुलांपेक्षा मीच जास्त अवघडते. रॅपन्झेल मनोऱ्यातून बाहेर पडल्यावर एका क्षणी आनंदाने नाचते आणि दुसऱ्या क्षणी आपण आईला दुखावले म्हणून रडते. मुले या जागी हसतात. हसू द्यावे, आणि मग विचारावे की ती चूक करते आहे का. अपराधी वाटणे म्हणजे अपराध केलेला असणे नव्हे, हे आठवीतल्या मुलींनाही या प्रसंगातून जसे समजते तसे इतर कशातून समजलेले मी पाहिले नाही.

'फ्रोझन'साठी थांबा अगदी वेगळ्या जागी घ्यावा. राजपुत्र हान्सचे कपट उघड होते तिथे थांबवून उपयोग नाही, तिथे सगळ्यांनाच कळलेले असते. पहिल्या भेटीच्या गाण्यापाशी थांबवावे, जिथे तो राजकन्या ॲनाच्या प्रत्येक बोलण्याला होकार देतो आणि तिचे वाक्य स्वतः पुरे करतो. वर्षानुवर्षे बंद दारांआड राहिलेल्या मुलीला 'माझंही अगदी तसंच' म्हणणारा भेटला, आणि त्याच दिवशी लग्न ठरले. आमच्या भागात मुलींची लग्ने लवकर लावण्याची घाई अजून संपलेली नाही, शिवाय हातात मोबाइल आल्यापासून अनोळखी ओळखी आठ दिवसांत पक्क्या होतात. म्हणून मी आठवीच्या मुलींना मोकळेपणाने विचारते: या राजपुत्राने एकदा तरी तिला न आवडणारी खरी गोष्ट सांगितली का? तिची बहीण एल्सा नको म्हणते, पुढे वाटेत भेटलेल्या क्रिस्टॉफलाही हे ऐकून धक्का बसतो. तिला थांबायला सांगणारी माणसे कोण होती ती मुलींना मोजायला लावावीत.

रागावणारा आणि गोड बोलणारा

या सगळ्यातून एक धोका उभा राहतो. जो रागावतो तो वाईट आणि जो गोड बोलतो तोही वाईट, असे मुलांच्या मनात बसले तर त्यांना जवळचे कोणीच उरणार नाही. त्यामुळे प्रत्येक खलनायकाबरोबर त्याच चित्रपटातल्या खऱ्या प्रेमळ माणसाकडेही बोट दाखवावे. दफनभूमीतून सुटका केल्यानंतर मुफासा सिंबाला कठोरपणे बोलतो, आपण घाबरलो होतो हे कबूल करतो, आणि मग त्याला ताऱ्यांखाली घेऊन बसतो. एरियलचे वडील रागात मोठी चूक करतात, पण करार उलटल्यावर मुलीच्या जागी स्वतःला बांधून घेतात. हे दोघेही रागावलेले आहेत, आणि हे आपल्या दोघांतले गुपित ठेव असे त्यांपैकी एकानेही मुलाला म्हटलेले नाही.

त्यासाठी मी तीन खुर्च्यांचा खेळ घेते. एका खुर्चीवर खलनायक झालेला मुलगा बसतो, दुसरीवर नायक, तिसरी रिकामी ठेवायची. खलनायकाने आपले म्हणणे बोलीत, मनापासून, पटवून सांगायचे. नायकाने तिसऱ्या खुर्चीवर कोणालाही बोलावून बसवायचे. खलनायक झालेली मुले तिसरे माणूस येताच अडखळतात, विषय बदलतात किंवा 'हे आपल्या दोघांतलं आहे' असे म्हणू लागतात, आणि हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. खेळानंतर प्रत्येक मुलाने आपल्या तिसऱ्या खुर्चीवर बसू शकतील अशा तीन माणसांची नावे वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. स्थलांतरित घरांतल्या मुलांची ही यादी शिक्षकाने स्वतः पाहावी. एखाद्याचे पान कोरे असेल तर तिथून पुढचे काम आपले आहे.

रॅपन्झेलजवळ तर बोलू शकणारे तिसरे कोणीच नसते, आणि तरी तिला खरे कळते, कारण नकळत तिने भिंतीवरच्या चित्रांत राज्याचे सूर्यचिन्ह वर्षानुवर्षे काढलेले असते. 'स्पिरिटेड अवे'मधली दहा वर्षांची चिहिरोही असाच आधार धरते: चेटकीण युबाबा तिच्या नावातली अक्षरे काढून घेऊन तिला 'सेन' बनवते, आणि स्वतःचे नाव विसरलीस तर घरी जाता येणार नाही असे तिथला हाकू नावाचा मुलगा तिला बजावतो. या दोन गोष्टींवरून मी मुलांना रोज दोन ओळी लिहायला लावते: आज काय घडले आणि मला काय वाटले. पुढे कोणी 'असं झालंच नव्हतं' म्हणू लागले तर आपलेच अक्षर समोर असते.

चेहऱ्यावरून ओळखण्याची खोड

यावर थोडक्यात, पण ठामपणे. बऱ्याच चित्रपटांत खलनायक सावळा, वाकड्या नाकाचा, वृद्ध किंवा व्रण असलेला काढलेला असतो. स्कारचे नावच त्याच्या डोळ्यावरच्या व्रणावरून आहे. मुले हे आपोआप शिकतात. म्हणून वर्षाच्या शेवटी हान्सचे देखणे चित्र आणि युबाबाचे भलेमोठे डोके शेजारी लावून चर्चा घ्यावी. युबाबा लोभी आहे, पण दिलेला शब्द पाळते, आपल्या बाळावर जीव टाकते. हान्सच्या चेहऱ्यावर मात्र कपटाची एकही रेघ नाही. सावत्र आई या शब्दापाशीही सांभाळावे, कारण सावत्र आईने पोटच्यासारखी वाढवलेली मुले वर्गात बसलेली असतात.

मुलाने काही सांगितले तर

हे काम नीट झाले तर कधीतरी एखादे मूल मधल्या सुट्टीत येऊन, नजर खाली ठेवून, काहीतरी सांगेल. त्याची तयारी चित्रपट लावण्याआधीच असली पाहिजे. आपले काम बाजूला ठेवावे, आपण घाबरलो तरी चेहऱ्यावर दिसू देऊ नये, आणि 'कोणाला सांगणार नाही' असे वचन मुळीच देऊ नये. असे वचन देणे म्हणजे आपणही खलनायकाचेच वाक्य बोलणे होय. 'तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगणे गरजेचे आहे त्यांनाच सांगेन' असे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये. मुलाने वापरलेलेच शब्द नंतर तारखेसह लिहून ठेवावेत. सांगितलेस ते बरे केलेस आणि यात तुझी चूक नाही, ही दोन वाक्ये नक्की बोलावीत.

लैंगिक छळाचा प्रकार असेल तर पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायदा, 2012 नुसार अठरा वर्षांखालील बालकाबाबतची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. गावातच मिटवू, मुलीच्या नावाला बट्टा लागेल, असा सल्ला कितीही मोठ्या माणसाने दिला तरी तो मानू नये. बालकांसाठीची 1098 ही हेल्पलाइन चोवीस तास विनामूल्य चालते. हा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने रंगवून घेतला आहे आणि प्रत्येक चित्रपटाआधी मुलांकडून मोठ्याने म्हणून घेते, म्हणजे ज्याला गरज आहे त्याला तो वेगळा विचारावा लागत नाही.

मुलांनी स्वतःचा खलनायक घडवावा

शेवटची पायरी चित्रपटांनंतर महिनाभराने घ्यावी. प्रत्येकाने एक कल्पित राज्य, एक बालनायक आणि त्याला फसवणारा एक खलनायक लिहायचा. नियम असा की खलनायकाने कोणालाही मारायचे नाही, जादूची कांडी वापरायची नाही आणि ओरडायचे नाही. त्याने फक्त बोलायचे. पहिल्या मसुद्यात मुले हटकून राक्षस लिहितात. तो परत द्यावा आणि विचारावे: तुझ्या नायकाला कशाची भूक आहे? हे ठरले की खलनायक आपोआप घडतो. पाणी आटलेल्या गावातल्या मुलाला विहीर दाखवणारा म्हातारा, गाणाऱ्या मुलीला 'तुझ्या गावात कोणाला सूर कळतो?' असे म्हणणारी मैना, अशी पात्रे माझ्या मुलांनी लिहिली आहेत.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने लिहिलेला खलनायक गोदावरीकाठच्या एका मंदिरात दिवे लावणारा होता. तो नायकाला रोज एक दिवा भेट देतो आणि सांगतो, की तुझ्या घरातले दिवे विझव, त्यांचा उजेड खोटा आहे. नायक एकेक दिवा विझवत जातो. नायक पुढे कसा सुटतो हे मात्र त्या मुलाला सुचत नव्हते, दोन आठवडे वही तशीच पडून होती. मग एके दिवशी त्याने शेवट लिहून आणला: नायकाची आज्जी अंधारात चाचपडत येते आणि विचारते, "बाळा, दिवे कोणी विझवायला सांगितले?" आणि तो नाव सांगतो. तिथेच त्याने गोष्ट थांबवली होती. मी खाली शेरा लिहिला नाही. वही घेऊन वर्गात वाचून दाखवायला त्यालाच उभे केले.